मे महिन्यात टिकेल तेवढंच व्होल्टेज

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर प्रोसेसर चालवणं, केलंय म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, व्होल्टेज किती दिलंस? आणि मग तो आकडा उचलून आपल्या मशीनमधे टाकून मोकळा. मला वाटतं विचारायला हवं ते वेगळंच, की तुझ्या खोलीत सगळ्यात गरम दिवशी किती डिग्री असते, तुझा कूलर किती उष्णता बाहेर काढू शकतो, आणि त्यात बसणारं कमीत कमी व्होल्टेज किती. मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. जानेवारीत माझ्या खोलीत २० डिग्री असते आणि मे महिन्यात दुपारी पंखा फुल असूनही ३७. हा १७ डिग्रीचा फरक प्रोसेसरच्या टेंपरेचरमधे जवळजवळ जसाच्या तसा येऊन बसतो, कारण कूलर फक्त खोलीच्या हवेच्या वर किती डिग्री चढायचं तेवढंच ठरवतो, हवा थंड नाही करत. म्हणून थंडीत केलेली सेटिंग बघून खूष होणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

माझं काम आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाल्यांसाठी थ्रीडी व्ह्यू बनवायचं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे, त्यातल्या सायकल्स या इंजिनवर रेंडर लावते, म्हणजे सीनचं तयार चित्र काढायला लावते, आणि माझे सीन एवढे जड होतात की ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावतच नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर. तो आहे इंटेलचा आय५-८६००के, २०१७ चा, सहा कोर, सगळे कोर चालू असताना ४.१ गिगाहर्ट्झ. बोर्ड झेड३७० चिपसेटचा, वर एका पंख्याचा टॉवर कूलर. नवीन मशीन घ्यायचं तर बोर्ड, रॅम सगळंच बदलावं लागणार होतं, म्हणून ठरवलं की आहे त्यातूनच नीट, अभ्यास करून, जेवढं निघेल तेवढं काढायचं.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट आणायला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेले होते तेव्हा एका दुकानात सहज विषय निघाला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अरे दीदी, सीधा एक पॉइंट चार दे दो, कुछ नहीं होता।" त्याच्या स्वतःच्या मशीनमधे खरंच काही झालं नसेल. पण प्रत्येक चिप वेगळी असते, एकाच मॉडेलच्या दोन चिपांना त्याच स्पीडसाठी वेगवेगळं व्होल्टेज लागतं, आणि मी रात्र रात्र सहाही कोर १०० टक्के चालवते, तो संध्याकाळी गेम खेळतो. दुसऱ्याचा आकडा घेऊन माझं भागणार नव्हतं.

उष्णतेचा हिशेब आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढवलं की फ्रिक्वेन्सी तीच ठेवली तरी उष्णता २१ टक्के वर. आणि स्पीड वाढवायला जसजसं पुढे जाल तसतसं प्रत्येक १०० मेगाहर्ट्झला लागणारं व्होल्टेज वाढत जातं, म्हणजे दोन्हीकडून मार. इथंच घोडं पेंड खातं.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनपासून. अपडेट केला, डिफॉल्ट लोड केले आणि प्रत्येक पानाचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले. मग मल्टिकोर एन्हान्समेंट नावाचा ऑप्शन बंद केला, कारण काही बोर्ड तो आपणहून चालू ठेवतात आणि सगळ्या कोरना एका कोरचा जास्तीत जास्त स्पीड देऊन वर व्होल्टेजही ढिलं सोडतात, तुम्हाला वाटतं मशीन स्टॉक, म्हणजे कंपनीच्या सेटिंगवर, आहे आणि ते नसतंच. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडवर चालवणारं तयार प्रोफाइल, पण आधी बंद ठेवलं, कारण क्रॅश आला तर दोष रॅमचा का कोरचा हे कळलं पाहिजे. रॅम मेमटेस्टवर वेगळी तपासून घेतली आणि एक्सएमपी शेवटी चालू केलं.

मग स्टॉकवर ब्लेंडर चालवून एचडब्ल्यूइन्फो हे टेंपरेचर-व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बसले. ४.१ गिगाहर्ट्झ, लोडखाली, म्हणजे सगळे कोर कामाला लागलेले असताना, १.१२ व्होल्ट. आणि एक गोष्ट लगेच नजरेत भरली, रेंडर सुरू केल्याबरोबर एका सेकंदात टेंपरेचर तीस-एक डिग्रीने उडी मारतं आणि थांबवलं की तसंच खाली पडतं. कूलरचा धातू इतक्या लवकर तापत नाही, म्हणजे अडचण चिप आणि तिच्या वरच्या झाकणाच्या मधे आहे. आठव्या पिढीच्या या चिपांत इंटेलने झाकणाखाली पेस्ट वापरलीय, सोल्डर पुढच्या, नवव्या पिढीच्या के मॉडेलांमधे आलं. झाकण काढून लिक्विड मेटल भरणारे आहेत, मला ते करायचं नव्हतं, पोटापाण्याचं मशीन आहे. पण त्यामुळे हे कळलं की अजून मोठा कूलर आणून मला फार फायदा नाही, खरा लगाम व्होल्टेजवरच ठेवावा लागेल.

आता व्होल्टेज चढवत न्यायच्या आधीची पायरी म्हणजे एका ठरावीक व्होल्टेजमधे किती स्पीड निघतो ते बघणं. पण व्होल्टेज ऑटोवर ठेवून नाही! मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणलं की स्पीड येतो तो आकडा) वाढवला की ऑटो सेटिंग बोर्डाच्या मर्जीने व्होल्टेज चढवत जाते, आणि बहुतेक बोर्ड सढळ हाताने चढवतात, कारण ग्राहकाचं मशीन क्रॅश होऊ नये एवढंच त्यांना बघायचं असतं. मी मॅन्युअल करून बायोसमधे १.२० टाकलं, लोडखाली ते १.१७ दिसत होतं, आणि तेवढ्यात ४.५ गिगाहर्ट्झ आरामात चालला. ४.६ वर मात्र निळा स्क्रीन, क्लॉक वॉचडॉग टाइमआऊट. हा एरर आला की बहुतेक वेळा कोरला व्होल्टेज कमी पडतंय असं समजायचं.

बायोसमधे १.२० टाकलं आणि दिसलं १.१७, हा फरक आमच्या मामांनी पकडला. मामा पीथमपूरला कारखान्यात इलेक्ट्रिकलमधे होते, आता रिटायर आहेत, दुपारी चहाला आले होते. आईने त्यांना सांगितलं होतं की ही कॉम्प्युटरचं व्होल्टेज वाढवून राहिलीय, आणि आईच्या डोक्यात घरातला स्टॅबिलायझर. मामांना स्क्रीन दाखवला तर म्हणाले, "अगं पण हे व्होल्टेज तर चिल्लर आहे, करंट किती?" मी प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं प्राइम९५ हे सॉफ्टवेअर लावून दाखवलं, पुढे ४.७ ची सेटिंग झाली तेव्हाचा आकडा सांगते, पॅकेज पॉवर, म्हणजे अख्खी चिप खाते ती वीज, १२५ वॅट आणि व्होल्टेज १.२३, भागाकार केला तर १०० अँपिअरच्या वर. मामा खुर्चीत पुढे सरकले. आमच्या अख्ख्या घराची मेन एमसीबी ३२ अँपिअरची आहे, आणि नखाएवढ्या चिपमधे शंभर! अर्थात घरात ते २३० व्होल्टवर आणि इथे सव्वावर, पॉवर म्हणून काहीच नाही, पण करंट म्हणून खूप. मामांनीच मग पटकन हिशेब केला की रस्त्यात एक मिलिओहम अडथळा असला तरी १०० अँपिअरला ०.१ व्होल्ट पडणार. यालाच व्हीड्रूप म्हणतात.

लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, ही सेटिंग हा ड्रूप कमी करते. आणि बरेच जण ती सरळ शेवटच्या लेव्हलला नेऊन ठेवतात, कारण मग बायोसमधे टाकलेला आकडा लोडखाली तसाच दिसतो आणि बरं वाटतं. हे करू नका. ड्रूप मुद्दाम ठेवलेला असतो. १०० अँपिअरचा लोड एकदम सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि लोडमधे थोडं खाली बसलेलं असलं तर ती उसळी मर्यादेत राहते. एलएलसी टोकाला नेली की लोडमधलं व्होल्टेज सपाट होतं पण उसळी ठरवलेल्या आकड्याच्याही वर जाते, आणि ती इतकी थोड्या वेळाची असते की एचडब्ल्यूइन्फोत दिसतच नाही, सॉफ्टवेअर सेकंदाला एखाद-दोनदा वाचतं, त्याला मायक्रोसेकंदातलं काय कळणार. रेंडर सुरू होताना आणि संपताना लोड असाच लागतो आणि सुटतो. मी मधली लेव्हल ठेवली, बायोसपेक्षा लोडखाली ३०-३५ मिलिव्होल्ट कमी दिसतं, आणि मी सगळे निर्णय लोडखालच्या आकड्यावर घेतले.

मामांना मल्टीमीटरने सॉकेटच्या मागून खरं व्होल्टेज मोजायचं होतं. त्यांचा मुद्दा बरोबर होता, पुष्कळ बोर्डांवर सेन्सर चिपच्या आत मोजत नाही, वाटेत कुठेतरी मोजतो, त्यामुळे दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त असू शकतो. पण माझ्या बोर्डावर मोजायचे वेगळे पॉइंट दिलेले नाहीत, आणि चालू मशीनमधे बारक्या कपॅसिटरांवर प्रोब घसरला तर संपलं. मी म्हटलं, मामा, तुम्ही सांगताय ते पटतंय पण इथे नको. त्यांनी मग एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, रिकाम्या कनेक्टरवर १२ व्होल्टची लाइन मोजली, रेंडर चालू असताना ११.९ च्या आसपास, एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकाची मर्यादा ५ टक्के म्हणजे ११.४ ते १२.६, त्यात आरामात. प्रोसेसरला जाणारं सगळं याच १२ व्होल्टमधून बोर्डावरचा व्हीआरएम बनवतो, तेव्हा ही लाइन डळमळीत असेल तर वर कितीही सेटिंग करा.

मग एका वेळी १० मिलिव्होल्ट. १० च, ५० नाही. प्रत्येक पायरीला आधी सिनेबेंच, मग ओसीसीटी (दोन्ही प्रोसेसरला ताण देऊन तपासणारी सॉफ्टवेअर), आणि शेवटी माझाच एक जड सीन रात्रभर. ४.६ ला लोडखाली १.१९ लागलं. ४.७ तर १.२१५ वर सिनेबेंचही पास आणि ओसीसीटीही पास, रात्रभराचं रेंडरही पूर्ण झालं, पण सकाळी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची चुकांची नोंदवही, उघडला तर त्यात डब्ल्यूएचईए-लॉगरच्या आयडी १९ च्या नोंदी. याचा अर्थ हार्डवेअरमधे चूक झाली आणि प्रोसेसरने ती स्वतःच दुरुस्त केली. क्रॅश नाही, काही नाही, वरून सगळं आलबेल. पण आज दुरुस्त होणारी चूक उद्या गरम दुपारी दुरुस्त होणार नाही, आणि क्लायंटची फाइल सेव्ह होताना झाली तर? १.२३ ला नेलं, नोंदी थांबल्या. ज्यांनी फक्त क्रॅश होत नाही एवढं बघून स्टेबल म्हटलंय त्यांनी एकदा इव्हेंट व्ह्यूअर बघाच.

पुढे ४.८ ला १.२७५ आणि ४.९ ला १.३४. आता पायऱ्या बघा, ४.५ वरून ४.६ ला २० मिलिव्होल्ट, मग ४०, मग ४५, मग ६५. शेवटची पायरी कागदावर मांडली, ४.८ वरून ४.९ म्हणजे स्पीड २ टक्के जास्त, आणि वर्गाच्या हिशेबाने उष्णता जवळजवळ १३ टक्के जास्त. २ टक्क्यांत तासाभराच्या रेंडरचं एक-सव्वा मिनिट वाचतं. त्याउलट स्टॉकपासून ४.७ पर्यंत आलो त्यात साडेचौदा टक्के स्पीड मिळाला, आठ तासांचं रात्रीचं रेंडर सातमधे बसायला लागलं. ५ गिगाहर्ट्झचा आकडा बघायची इच्छा मलाही होती पण ते १.४ च्या आसपास गेलं असतं, मी तिकडे गेलेच नाही.

एव्हीएक्सबद्दल, म्हणजे एका फटक्यात बरेच आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या जड सूचनांबद्दल, एक सांगून ठेवते, ब्लेंडरवाल्यांना हे कामाचं आहे. बायोसमधे एव्हीएक्स ऑफसेट असतो, त्यात २ टाकलं की एव्हीएक्सचं काम आलं की प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झ खाली येतो, आणि लोक ४.९ मिळाला म्हणून सांगतात. पण सायकल्स स्वतःच एव्हीएक्स२ वापरतं, म्हणजे ज्या कामासाठी खटाटोप केला नेमक्या त्याच कामाला स्पीड कापला जाणार. मी ऑफसेट शून्य ठेवला आणि एव्हीएक्ससकट टिकतं तेवढंच खरं मानलं. प्राइम९५ मधली स्मॉल एफएफटी ही चाचणी मात्र मी थोडाच वेळ, पॉवर बघण्यापुरती लावते, ती कुठल्याही खऱ्या कामापेक्षा जास्त तापवते.

किती व्होल्टेज सेफ, यावर नेहमी कुणीतरी म्हणतं की इंटेलच्या डेटाशीटमधे १.५२ लिहिलंय. लिहिलंय, बरोबर आहे, पण ती चिप बोर्डाकडे जास्तीत जास्त किती मागू शकते त्याची वरची हद्द आहे, सहाही कोर रात्रभर त्यावर चालवा असा तो सल्ला नाही. चिपमधल्या बारीक तारांतून करंट दाटून वाहतो तेव्हा धातूचे अणूच हळूहळू सरकतात, इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात त्याला, आणि मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ सालच्या पेपरमधे दाखवलं होतं की तारेचं आयुष्य करंटची घनता आणि टेंपरेचर या दोन्हींवर अवलंबून असतं. व्होल्टेज वाढवलं की दोन्ही एकदम वाढतात. म्हणून १.३५ पाण्याने थंड केलेल्या मशीनमधे आणि १.३५ माझ्या खोलीत मे महिन्यात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हे फक्त छंदवाल्यांपुरतं नाहीये. २०२३ मधे एएमडीच्या रायझन ७००० एक्स३डी चिपा जळल्याच्या घटना झाल्या, तेव्हा एएमडीने बायोसमधून एसओसी व्होल्टेजला, म्हणजे चिपच्या कोर सोडून इतर भागाच्या व्होल्टेजला, १.३ ची हद्द घातली. २०२४ मधे इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या चिपा अस्थिर होत होत्या, ऑगस्टमधे आलेल्या ०एक्स१२९ या मायक्रोकोडने, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रॅमच्या अपडेटने, १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली, आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली. ओव्हरक्लॉक न करता, नुसतं डिफॉल्टवर चालवणाऱ्या लोकांना हे भोगावं लागलं. ज्यांच्याकडे त्या पिढ्या आहेत त्यांनी आधी बायोस अपडेट करा, बाकी सगळं नंतर.

सेटिंग ठरली की मॅन्युअलवरून अडॅप्टिव्हवर आले. मॅन्युअलमधे नुसतं मेल वाचत असतानाही व्होल्टेज तेवढंच उभं राहतं, अडॅप्टिव्हमधे काम नसलं की ०.७ च्या आसपास उतरतं, आणि आपण टाकलेला आकडा टर्बोच्या, म्हणजे काम आल्यावर मिळणाऱ्या वाढीव स्पीडच्या, वरच्या मल्टिप्लायरलाच लागू होतो. पण इथे नुसतं चालू करून उठायचं नाही, परत बसून बघायचं. मी बायोसमधे १.२६५ टाकलं होतं आणि ब्राउझर उघडताना क्षणभर १.३३ दिसलं! आयए एसी लोडलाइन नावाची सेटिंग ऑटोवर होती, बोर्ड ड्रूप भरून काढायला आपल्याकडून वर जोडत होता. ती कमीत कमी केली, आता एचडब्ल्यूइन्फोच्या मॅक्सिमम कॉलममधे १.२७ च्या वर काही जात नाही. हा कॉलम दिवसभर साधी कामं करून बघा, कारण सगळ्यात जास्त व्होल्टेज फुल लोडला नाही तर हलक्या कामात दिसतं.

मे महिन्याची परीक्षा बाकी होती. ४.७ वर ब्लेंडरमधे जानेवारीत सगळ्यात गरम कोर ६४ होता. मे महिन्यात दुपारी तीनला, खोलीत ३७, तोच सीन लावला, ८१. हिशेबाप्रमाणेच. ४.८ लावून बघितलं तर ८५, आणि ४.९ तर ९१ ला जाऊन टेकला. चिपची हद्द १०० आहे, तिथे ती स्वतः स्पीड कापते, पण मी माझी हद्द ८५ च्या खाली ठेवलीय, ४.८ काठावर होता म्हणून सोडला. व्हीआरएमचा सेन्सर पण याच वेळी बघितला, ९० च्या आत हवा होता, आत निघाला. आणि गरम झाल्यावर तेवढ्याच स्पीडला व्होल्टेज किंचित जास्त लागतं, म्हणून इव्हेंट व्ह्यूअर मे महिन्यात परत तपासला, स्वच्छ होता. खिडकीतल्या पाण्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवून आकडे उतरवायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला, उतरतातही, पण ती दमट हवा आणि आपल्याकडची धूळ मिळून प्रोसेसरच्या कूलरच्या पातळ पट्ट्यांवर चिखल बसतो, मी कॅबिनेट भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाच ठेवलंय.

आता बायोसमधे दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. एकात ४.७ आणि लोडखाली १.२३, दुसऱ्यात ४.८ आणि १.२७५, तो थंडीत ६८ ला राहतो. दिवाळीनंतर खोली २५ च्या खाली यायला लागली की दुसरा लावते, आणि राजवाड्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेली की परत पहिला.